काळीपिवळीतला बूफर

धर्मपाल मनवरची काळीपिवळी जीप दारव्हा–यवतमाळ लाइनवर धावायची. मी राहायला यवतमाळला आणि नोकरीला दारव्ह्याच्या पंचायत समितीत. सकाळची एसटी चुकली की मला त्याच्या जीपशिवाय पर्याय नसे, आणि माझी एसटी बऱ्याचदा चुके.

गाडी स्वच्छ होती. माणूस निर्व्यसनी, चौघांच्या सीटवर पाचवा कोंबणारा नव्हता. तरी बायका त्याच्या गाडीत बसायला का कू करत, ते त्याच्या बघण्यामुळे. मागे कुणी बोलायला लागलं की याची नजर आरशात जायची आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर चिकटून बसायची. डोळ्यांवर नाही, तोंडावर. बोलणारी बाई मग आपोआप गप्प व्हायची, खिडकीबाहेर बघायची. ती गप्प झाली की धर्मपालभाऊच्या कपाळावर आठी पडायची.

मी बहुतेक पुढच्या सीटवर असे. सवाऱ्या उतरल्या की तो मला विचारायचा,

"मॅडम, थे दोघं काय बोलून राह्यले होते?"

"कोण दोघं?"

"लाडखेडले उतरले ना आता, थे. माह्यं नाव घेतलं त्यायनं."

"नाही हो भाऊ. कापसाच्या भावाचं बोलत होते."

"कापसाचं बोलाले एवढं हळू कायले बोलते कोनी?"

मला तर ते चांगलं मोठ्यानं बोलताना ऐकू आलं होतं. पण मी वाद घातला नाही. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की याला साऱ्या दुनियेचा संशय आहे. डिझेल भरताना तो पंपावरच्या आकड्यावरून नजर हलवत नसे. स्टँडवर बाकीचे ड्रायव्हर हसले की ते आपल्यालाच हसले, असं तो धरून चालायचा. आणि घरी बायको-मुलगी आपल्यापासून काहीतरी लपवतात, हेही त्यानं मला एकदा सांगून टाकलं होतं.

संशयाला एक जुनं कारण होतं. तरुणपणापासून तो दारव्ह्याजवळच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या दोन लांब रांगा, आणि त्या रांगांच्या मधून हा पाना घेऊन हिंडायचा. हंगामात रात्रंदिवस यंत्रं चालत. नंतर ती वाईट वर्षं आली. सरकारी कापूस खरेदी मोडकळीला आली, कापूस कुठे कुठे जाऊ लागला, आणि गावोगाव लाल दिव्यांच्या गाड्या सांत्वनाला फिरू लागल्या. जिनिंग एका दिवाळीला उघडलंच नाही. मालक म्हणाला, पुढच्या हंगामाला उघडू. सगळ्यांनी मान डोलावली. धर्मपाल एकटाच म्हणाला की हा यंत्रं विकणार आहे. लोक त्याला हसले. उन्हाळ्यात खरंच ट्रक आले आणि यंत्रं परराज्यात गेली. हिशेबाचे जे पैसे मिळाले त्यात त्यानं ही जुनी जीप घेतली. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट त्यानं तिथून आणली ती ही, की आपल्याला शंका आली म्हणजे ती खरीच असते.

त्या सुमारास लाइनवर बूफरचं, म्हणजे जाड ठोका देणाऱ्या मोठ्या स्पीकरचं, वेड आलं. सुरुवात केली इंद्रजितनं. पंचविशीचा पोरगा, नवी जीप, मागच्या सीटखाली खोक्यात बसवलेला बूफर. गाडी वळणावर असतानाच त्याचा ठोका स्टँडवर पोचायचा. कॉलेजची पोरं धर्मपालचा नंबर लागलेला असूनही त्याच्या गाडीत बसत नसत. इंद्रजितच्या नंबरची वाट बघत उभी राहत. धर्मपालच्या जीपमध्ये एक साधा सीडी प्लेअर आणि दारांत दोन छोटे स्पीकर होते, आणि ते तो इतके मोठ्यानं लावायचा की पुढच्या सीटवर माझं कपाळ दुखायचं.

मग इंद्रजितनं नवा, मोठा ॲम्प्लिफायर घेतला आणि जुना धर्मपालला देऊ केला.

"काका, घेऊन जा. चालू हाये, एकदम ओके. द्या सवडीनं काय द्यायचं थे."

धर्मपालभाऊनं पैसे मोजून तो घेतला; पण त्या दिवशी सगळा रस्ता तो माझ्याशी त्याच विषयावर बोलत होता. "एवढ्या सहज कायले देईन कोनी? काहीतरी खराबी असन, मॅडम."

आता त्या ॲम्प्लिफायरला जोडीचा बूफर हवा होता. त्यासाठी तो यवतमाळला अमरसिंग राठोडकडे गेला. अमरसिंगचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, त्यामुळे पुढची हकिगत मला दोन्हीकडून ऐकायला मिळाली.

अमरसिंगनं ॲम्प्लिफायर उलटा केला. वरच्या बाजूला सोनेरी अक्षरांत हजार वॅट लिहिलं होतं. तिकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. खालच्या बाजूची बारीक छपाई वाचली.

"मनवरभाऊ, हा हजारचा नाही. दोन्ही चॅनल एकत्र जोडले तर सतत दोनशे देईल. अन् चार ओहमच्या खाली याला नेऊ नका."

"म्हंजे इंद्रजितनं फसवलं मले."

"कोणीच फसवलं नाही. सगळ्यांवर असंच लिहितात. हजार म्हणजे एका क्षणाचा झटका. आपल्याला रोजचं पाहायचं असते."

त्यानं दहा इंची बूफर काढून काउंटरवर ठेवला. एकच कॉइल, चार ओहम, सतत दोनशे-सव्वादोनशे वॅट झेलणारा. मीटरच्या दोन सळया टोकांना लावून दाखवल्या. "बघा. हा याचा जोडीदार. खोकं मी मापानं बनवून देतो."

धर्मपालची नजर वरच्या फळीवर होती. तिथे बारा इंची, दोन कॉइलचा, जाळीवर बाराशे वॅट लिहिलेला बूफर होता.

"थो काहून नाही देत?"

"दोन कॉइल आहेत त्याला. समांतर जोडल्या तर दोन ओहम होतात, तुमचा ॲम्प तापून बंद पडेल. एकामागं एक जोडल्या तर आठ होतात, मग आवाजच दबतो. तो या ॲम्पचा नाही."

"का कोन्या दुसऱ्यासाठी ठेवून राह्यला?"

अमरसिंग हसला. हसायला नको होतं. धर्मपालनं दहा इंचीच घेतला, पण दुकानातून निघताना त्याच्या मनात बारा इंची रुतून बसला होता.

पहिले दोन दिवस तो खूश होता. ठोका सीटमधून पाठीत शिरायचा, आणि त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच सैल झालेला बघितला. कॉलेजची पोरं बसू लागली. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं गाणं मध्येच बंद केलं.

"मॅडम, शब्द समजते का तुमाले?"

"समजतात की."

"नाही समजत. नुसतं धबधब. गानारा काय म्हनून राह्यला, पत्ताच लागत नाही. अमरसिंगनं मले बरोबर जोडीचा देलाच नाही."

मग फेऱ्या सुरू झाल्या. अमरसिंगनं आवाजाची पातळी कमी केली, बूफरकडे फक्त खालचे सूर जातील अशी चकती फिरवून दिली, दाराचे स्पीकरही तपासले. स्वतः गाडीत बसून ऐकलं. त्याला सगळं स्वच्छ वाटत होतं. धर्मपालला नव्हतं. मग धर्मपालनं एक दिवस कुणाला न सांगता नागपूरला जाऊन बारा इंची बूफर आणला आणि आपल्याच अंगणात बसून जोडला. हात फिटरचे होते, जोडणी मजबूत केली. फक्त दोन्ही कॉइल समांतर जोडल्या. यवतमाळहून परतताना लाडखेडच्या अलीकडेच ॲम्प्लिफायर चटका बसेल इतका तापला, लाल दिवा लागला आणि सगळं मुकं झालं.

त्यानं स्टँडवर गाडी लावली आणि सरळ इंद्रजितची कॉलर धरली. मी तेव्हा तिथेच होते, घरी जायच्या गाडीची वाट बघत.

"जानूनबुजून खराब माल देला तू मले! पोरं माह्या गाडीत बसाले लागले, म्हनून!"

इंद्रजित गोरामोरा झाला. "काका, मी कायले करीन असं? वापस घ्या तुमचे पैसे."

"वापस कायले देतं? चोरी पकडली म्हनून?"

लोक मध्ये पडले. इंद्रजितनं आपली कॉलर नीट केली आणि कुणाकडे न बघता गाडीत जाऊन बसला. त्यानंतर स्टँडवर धर्मपालशी कुणी बोलेना. तो मला म्हणाला, "पाह्यलं? सारे मिळालेले हायेत." माझ्याकडेही तो जरा निरखूनच बघत होता. मीही मिळालेली असेन, अशी शंका त्याला आली असावी.

थंड झाल्यावर ॲम्प्लिफायर पुन्हा चालू झाला. दोन्ही बूफर गाडीत टाकून तो पुन्हा अमरसिंगकडे आला. या खेपेला त्याची मुलगी मोनाली बरोबर होती. ती यवतमाळला शिकायची आणि बापाबरोबर घरी परतणार होती. अमरसिंगनं बारा इंची काढला, दहा इंची पुन्हा लावला आणि म्हणाला, "आता एकदा मुळापासून पाहू." त्याच्याकडे एक सीडी होती, गाणी नसलेली. तिच्यात नुसते सूर होते, अगदी खालच्या घुमण्यापासून वरच्या शिट्टीपर्यंत, एकामागून एक. कुठला स्पीकर कुठे कमी पडतो हे तिच्यावरून कळतं.

धर्मपाल ड्रायव्हरच्या सीटवर बसला. खालचे सूर सुरू झाले. "हाव, येते." पुढचा. "येते." आणखी वरचा. "बारीक येते." मग तो वाट बघत राहिला.

"लाव ना पुढचा," तो म्हणाला.

अमरसिंग मोनालीकडे बघत होता. मोनालीनं दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते.

"लावलाय, भाऊ."

"कुठी लावला? बंद हाये मशीन."

"बाबा," मोनाली म्हणाली, "कान फाटून राह्यले माह्ये."

धर्मपालनं एकदा तिच्याकडे आणि एकदा अमरसिंगकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग बदलला. अमरसिंगनं मला सांगितलं, की त्या क्षणी तो अंगावर येईल असं वाटलं होतं. पण तो आला नाही. फार शांतपणे म्हणाला, "माह्या पोरीलेही शिकवलं का तू?" मोनालीला गाडीत बस म्हणाला आणि निघून गेला.

पण ती सीडी प्लेअरमध्येच राहिली होती.

यापुढचं मला त्याच्या बायकोनं, पंचफुलाबाईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो लाइनवर गेलाच नाही. दुपारी जेवून अंगणात आला. जीप लिंबाखाली उभी होती आणि शेजारी पंचफुलाबाईची शेळी बांधलेली होती. यानं गाडीची दारं उघडी टाकली, सीडी लावली आणि समोर उकिडवा बसून शेळीकडे बघत राहिला. पंचफुलाबाई दारात भांडी घासत होती. तिला वाटलं, नवऱ्याला ऊन लागलं.

खालचे सूर घुमले. शेळी चारा खात राहिली. मग तो सूर आला जो त्याला ऐकू येत नव्हता. शेळीनं मान वर केली. कान टवकारले, एक पुढे, एक मागे, आणि दाव्याला हिसका देऊन लांब सरकली. यानं हात घालून प्लेअर बंद केला. शेळीचे कान खाली आले. पुन्हा चालू केला. पुन्हा कान वर. बंद, चालू. त्यानं ते किती वेळा केलं देव जाणे, शेवटी शेळी बें बें करून ओरडायला लागली आणि पंचफुलाबाई हात पुसत बाहेर आली.

"काय लावलं हे? कायले छळता त्या मुक्या जनावराले?"

तो वर बघेना. शेळी काही अमरसिंगला मिळालेली नव्हती. इंद्रजितशी तिची ओळख नव्हती. तिला कुणी शिकवणं शक्य नव्हतं.

त्यानं प्लेअर बंद केला आणि म्हणाला, "इकडे ये. माह्यासमोर बस."

ती बसली.

"काहीतरी बोल. पन तोंडावर पदर घेऊन बोल."

"काय बोलू?"

"काईबी. तुले वाटन थे."

पंचफुलाबाईनं पदर तोंडावर धरला. ती मला म्हणाली, "मॅडम, मले काय झालं ठाऊक नाही. इतके दिवस जे पोटात होतं थेच बाहेर आलं." ती बोलली. तो तिच्या पदराकडे टक लावून बघत होता, मान पुढे काढून, जिनिंगमध्ये यंत्रांच्या गोंगाटात एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलायची सवय लागलेला माणूस. पदराआडून त्याला नुसता घुमल्यासारखा आवाज आला.

"काय बोलली?"

तिनं पदर खाली केला. आता परत बोलायचं की नाही, यावर ती क्षणभर थांबली. मग बोलली.

"मोनालीचा वर्ध्याले नर्सिंगले नंबर लागला. तिथंच राहा लागते. तुमी भांडसान म्हनून सांगतलं नव्हतं."

"कवापासून?"

"उन्हाळ्यापासून."

मग त्याच्या तोंडावर, पंचफुलाबाई सांगते, चक्क समाधान दिसलं. "म्हंजे होतंच काहीतरी," तो म्हणाला. "मी म्हनतच होतो." आणि त्यानंतर त्यानं दोन्ही तळहातांनी चेहरा झाकला आणि तो तसाच बसून राहिला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हे तिनं आयुष्यात पहिल्यांदाच अंगणात, दिवसाउजेडी केलं असेल.

आठवड्यानं ती त्याला यवतमाळला मोठ्या दवाखान्यात घेऊन आली. कानाच्या डॉक्टरबाईंनी तपासणी केली आणि विचारलं, "जिनिंगमध्ये कामाला होता का?"

तो ताठ झाला. "तुमाले कोनं सांगितलं?"

"कुणी नाही. तिकडले पुष्कळ येतात. जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. स, श, च, त ही अक्षरं गळतात. म्हणून बोलणं कानावर पडतं पण समजत नाही, आणि लोक पुटपुटतात असं वाटतं."

बाहेर आल्यावर त्यानं पंचफुलाबाईला विचारलं, की आपण आत जायच्या आधी ती डॉक्टरीणबाईशी बोलली होती का. नव्हती म्हणाली. त्यानं तिच्या तोंडाकडे बघून ते पारखून घेतलं.

ऐकायचं यंत्र लावायला तो लवकर तयार झाला नाही. कानात मशीन घालून गाडी चालवताना बघितलं तर सवाऱ्या बसणार नाहीत, हे त्याचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. शेवटी केसांत लपेल असं एक मिळालं आणि त्यानं डाव्या कानात घातलं, म्हणजे प्रवाशांच्या बाजूला. पहिल्या दिवशी गाडी सुरू केल्याबरोबर त्यानं ती बंद केली आणि खाली उतरला.

"मॅडम, एवढी खडखड रोज होत होती का?"

"रोज."

"मंग सांगितलं काहून नाही कोनी?"

सांगितलं होतं. मी सांगितलं होतं, सवाऱ्यांनी सांगितलं होतं. बूफरचा ठोका बसला की मागचं दार पत्र्याच्या डब्यासारखं थडथडायचं. लाडखेडचा एक म्हातारा तर उतरायचं म्हणून छपरावर हात आपटत राहायचा आणि हा पुढच्या थांब्यापर्यंत त्याला नेऊन वर भांडायचा. मी त्याला ते सगळं पुन्हा सांगितलं. त्यानं दोन दिवस गाडी घरी ठेवली आणि एकेक बोल्ट आवळला, दारांना रबर लावलं. बूफर दहा इंचीच ठेवला. बारा इंची अमरसिंगनं विकून दिला.

इंद्रजितकडे तो स्वतः गेला. स्टँडवर, चहाच्या टपरीपाशी, सगळ्यांसमोर. "जयभीम" म्हणाला. इंद्रजितही "जयभीम" म्हणाला, पण उठला नाही.

"तुह्या ॲम्पमध्ये काही नव्हतं. माह्या कानात होतं. जोडनीही मीच चुकवली."

इंद्रजितनं मान हलवली.

"पन एक सांग. तुमी सारे या टपरीवर हसत होते ना, थे माह्यावरच ना?"

बाकीचे ड्रायव्हर इकडे तिकडे बघायला लागले. इंद्रजितनं चहाचा कप खाली ठेवला.

"हाव, काका. तुमच्यावरच. तुमाले प्रश्न इचारला एक का तुमी उत्तर देत होते दुसरंच. त्याची नक्कल करत होतो मी."

मला वाटलं आता पुन्हा कॉलर धरली जाणार. धर्मपालभाऊनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "करून दाखव."

इंद्रजितनं आढेवेढे घेतले, मग करून दाखवली. बरी केली. धर्मपालभाऊला हसू आलं की नाही ते मला सांगता येणार नाही, पण चहाचे पैसे त्यानं दिले.

मोनालीला वर्ध्याला सोडायला तो स्वतः जीप घेऊन गेला. वसतिगृहात शिरून, खाटा बघून, नळाला पाणी येतं का हे उघडून बघून, खिडकीच्या कड्या हलवून बघून मग तो परत निघाला. ती पुढे सरकारी दवाखान्यात लागली, पांढरकवड्याकडे. काही वर्षांनी त्यानं जीप विकली, कारण लाइनवर सवाऱ्यांपेक्षा गाड्या जास्त झाल्या होत्या. आता तो घरीच फवारणीचे पंप दुरुस्त करतो. माझी बदली झाली, मी निवृत्तही झाले. मागच्या वर्षी दारव्ह्याला एका लग्नाला गेले तेव्हा त्याच्याकडे डोकावले. कुणीतरी शेतकरी पंप घेऊन आला होता आणि सांगत होता की नुसता वायसर गेलाय. धर्मपालभाऊनं कानातलं यंत्र नीट केलं, "असं म्हनता तुमी," म्हणाला, आणि पंप पूर्ण खोलायला घेतला.